मामा, रक्त खराब झालेलं नाही

मामाच्या पापण्या पहिल्यांदा सुजल्या तेव्हा सोयाबीनची दुसरी खुरपणी चालू होती. सकाळी उठला तर डोळे अर्धेच उघडत होते. वरच्या पापण्या जाड, लालसर, खारकेवर असतात तशा बारीक सुरकुत्या पडलेल्या. कानांमागं चिरा. सदऱ्याची वरची गुंडी उघडी राहते तेवढ्याच जागेत गळ्याखाली त्रिकोणी चट्टा. कोपराच्या आतल्या घडीतून पाणी सुटत होतं. बनियन काढली तर पाठ-पोट मात्र स्वच्छ, काही झालंच नाही असं.

मामी म्हणाली पित्त उठलंय. शेजारच्या आजी म्हणाल्या काहीतरी चावलंय. शेवटी चार माणसांत बसून जे ठरलं ते आपल्याकडं नेहमीच ठरतं: रक्त खराब झालंय.

मग वांगं बंद, दही बंद, उपाशीपोटी कडुनिंबाच्या पाल्याचा रस सुरू. त्यावर रक्त साफ करणारी काळपट औषधाची बाटली. त्यानंही भागेना तेव्हा कुणीतरी सुचवलेली एक ट्यूब आली. तिनं चार दिवसांत चेहरा निवळला. पंधरा दिवसांनी ट्यूब संपली आणि सगळं परत आलं, अगदी त्याच जागांवर. मामानं रात्री फोन केला. "तिथंच कशामुळं येतंय गं? बाकीचं अंग मोकळंच हाय की. आन् रातभर खाजायलंय."

मी डॉक्टर नाही. लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, आणि औशाजवळच्या त्या गावची भाची आहे, एवढंच. पण मामाचा प्रश्न मला आवडला. तिथंच का, आणि परत का? इसब असो, सोरायसिस असो की गवताची ॲलर्जी, त्वचेच्या बहुतेक दाहाच्या आजारांत माणूस शेवटी हेच दोन प्रश्न विचारतो. उत्तर कातडीतल्या पांढऱ्या पेशींपाशी आहे. त्यांना फार चांगलं लक्षात राहतं, ही खरी अडचण.

आधी रक्ताचा निकाल लावू. ए, बी, ओ हे रक्तगट ज्यानं शोधले तो कार्ल लँडस्टायनर. १९०१ सालचं ते काम, १९३० साली नोबेल मिळालं. रक्तातलं ज्याला सगळ्यांत जास्त कळत होतं अशा या माणसानं आयुष्याच्या अखेरीला, १९४२ साली, मेरिल चेस या सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग केला. काही गिनीपिगांच्या कातडीला एका रसायनाची ॲलर्जी होईल असं केलं. मग त्यांच्या रक्तातलं पेशी काढून उरलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, दुसऱ्या निरोगी गिनीपिगांना टोचलं. काही झालं नाही. नंतर त्याच आजारी प्राण्यांच्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी टोचल्या. ज्या गिनीपिगांचा त्या रसायनाशी कधी संबंधच आला नव्हता, त्यांच्या कातडीवर तेच रसायन लावल्यावर लाल चट्टा उठला. म्हणजे ही खोड रक्ताच्या पाण्यातून जात नाही, ती पेशींबरोबर जाते. कडुनिंब पिऊन रक्त धुवायला निघालेल्या माणसानं धुवायचं तरी काय?

मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे कडू पेलो ते वायाच गेलं?" वायाच गेलं.

आता या पेशी कोण, ते बघू. कातडीच्या सगळ्यांत वरच्या पातळ थरात, बाहेरच्या जगापासून केसभर अंतरावर, फांद्यांसारखे हात पसरून बसलेल्या काही पेशी असतात. १८६८ साली बर्लिनमधल्या पॉल लँगरहान्स नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं सोन्याच्या क्षारानं कातडी रंगवली तेव्हा त्या त्याला दिसल्या. वय जेमतेम एकवीस. फांद्या बघून त्याला वाटलं, या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात. पुढच्याच वर्षी त्यानं स्वादुपिंडातली ती प्रसिद्ध बेटंही नोंदवली, जिथं इन्शुलिन तयार होतं. बारावीच्या पुस्तकात पोरांना त्याची बेटं भेटतात, कातडीतल्या पेशी बहुधा भेटत नाहीत. त्या मज्जातंतूंच्या नसून प्रतिकाराच्या पेशी आहेत हे नीट कळायला आणखी शंभर वर्षं लागली.

लँगरहान्स पेशीचं काम जुन्या काळच्या गावकोतवालासारखं. कोतवाल गावात फिरायचा, कोण नवीन आलंय ते बघायचा आणि तालुक्याला वर्दी द्यायचा. ही पेशीही अनोळखी पदार्थाचा तुकडा उचलते, कातडी सोडून लसिका वाहिनीतून जवळच्या लसिका ग्रंथीत जाते आणि तिथं तो तुकडा दाखवते. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं ना? ती सुजलेली गाठ म्हणजे हेच तालुक्याचं ठाणं, कामाला लागलेलं. तिथं टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची ये-जा चालू असते. प्रत्येक टी पेशीला एकच विशिष्ट तुकडा ओळखता येतो. लाखोंमधल्या एखादीला तो जुळला की ती दुप्पट, चौपट, आठपट होत जाते आणि तिची पिलावळ रक्तातून कातडीकडं निघते.

जंतू आला असेल तर ही व्यवस्था आपला जीव वाचवते. मामाच्या बाबतीत मात्र आलं होतं गवत.

गाजर गवत. आमच्याकडं काँग्रेस गवत म्हणतात, काही जण चटकचांदणी. मामाच्या मते ते ७२ च्या दुष्काळात मिलोबरोबर, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीबरोबर, आलं. मिलोवर आमच्या गावाचा फार राग आहे, त्यामुळं सगळी पापं त्याच्याच नावावर जातात. पण पुण्यात हे गवत १९५५ च्या सुमारासच दिसलं होतं. अमेरिकेतून आलेल्या गव्हातून बी आलं असावं, असं मानलं जातं. आज ते परभणीपासून धाराशिवपर्यंत बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या मैदानात, पडीक रानात सगळीकडं आहे. पानांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. गवत वाळलं, चुरा झाला, वाऱ्यावर उडाला, तरी त्या चुऱ्यात ते असतंच.

पार्थेनिनचा रेणू इतका लहान असतो की एकट्याकडं कोतवालाचं लक्षही जाणार नाही. पण तो आपल्याच कातडीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. घरातलाच माणूस कुणाची तरी टोपी घालून दारात उभा राहावा आणि कुत्र्यानं अंगावर धावून जावं, तसं होतं. प्रथिन आपलंच, टोपी परकी. टी पेशी त्या जोडीला शत्रू ठरवतात आणि हल्ला होतो आपल्याच पापणीवर.

इथं मामानं मला अडवलं. "तीस वरसं झाली गवत उपटायलोय. आताच कसं?"

बरोबर आहे. ओळख पटून टी पेशींची फौज तयार व्हायला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात, आणि त्या काळात वरून काहीच दिसत नाही. शिवाय ही ओळख पहिल्याच वर्षी पटेल असंही नाही. कुणाला दोन हंगामांत पटते, कुणाला वीस वर्षांनी, कुणाला जन्मात नाही. मामी मामाच्याच शेजारी बसून खुरपते, तिला काही नाही. पण एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी फौज तयारच असते. तरीसुद्धा तिला जागेवर जमून दाह उठवायला एक ते तीन दिवस लागतात.

हा उशीर फार घोटाळा करतो. सोमवारी खुरपलं, बुधवारी डोळे सुजले. बुधवारी माणूस काय आठवतो? मंगळवारी रात्री काय खाल्लं ते. मंगळवारी वांग्याचं भरीत होतं, म्हणून वांग्यावर आळ. पुढच्या बुधवारी शेंगदाण्यावर. अशानं माणूस एकेक पदार्थ सोडत भाकरी आणि मिठावर येतो आणि गवत तिकडं बांधावर डोलत राहतं. मराठवाड्यातल्या किती घरांत वांग्याला असा उगीच वनवास घडला असेल, देव जाणे.

वांग्याला दोष देण्यामागं एक खरा अनुभवही आहे, तो नाकारायचं कारण नाही. काही जणांना काही खाल्ल्यावर किंवा किडा चावल्यावर दहा-वीस मिनिटांत अंगावर गांधी उठतात. पण ते काम वेगळ्या पेशींचं. त्यांना मास्ट पेशी म्हणतात. पॉल एर्लिख यांनी त्यांना १८७८ साली हे नाव दिलं. पोट दाण्यांनी टच्च भरलेल्या दिसतात म्हणून, जर्मनमध्ये मास्ट म्हणजे पोसणं. त्या दाण्यांत हिस्टामिन असतं. इशारा मिळाला की पेशी फुटल्यासारखी दाणे बाहेर टाकते, गांधी उठते, खाजते, आणि एकेक गांधी सहसा दिवसाच्या आत मावळून दुसरीकडं उठते. मागं खपली नाही, चीर नाही. सेटिरिझिनची गोळी हिस्टामिनला अडवते, म्हणून गांधीवर ती चांगली लागू पडते. टी पेशींच्या कामात हिस्टामिनला फारसं स्थान नाही. मामानं सेटिरिझिनच्या तीन पट्ट्या संपवल्या. झोप छान लागली, पापण्या तशाच राहिल्या.

तेव्हा साधी खूण अशी: मिनिटांत उठून तासांत जाणारं ते मास्ट पेशींचं, दिवसांनी उठून आठवडे मुक्काम ठोकणारं ते बहुतेक टी पेशींचं.

त्वचारोगतज्ज्ञांकडं गेलो तेव्हा त्यांनी मामाच्या पाठीवर पॅच टेस्ट लावली. ही तपासणी योझेफ यादासोन यांनी १८९५ साली दाखवली. सव्वाशे वर्षांनंतरही तिला तोड नाही, कारण टी पेशींना विचारायचं तर कातडीवरच विचारावं लागतं, रक्ताच्या बाटलीत त्या नीट बोलत नाहीत. चिकटपट्टीवर छोट्या छोट्या वाट्या, प्रत्येकीत एकेक संशयित: कशात निकेल, कशात सुगंधी द्रव्य, कशात सिमेंटमधलं क्रोमेट, एकीत गाजर गवताचा अर्क. पट्ट्या पाठीवर चिकटवून कडेनं पेननं खुणा केल्या. दोन दिवस आंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. मामा दोन दिवस पंख्याखाली पालथा पडून होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीवरची चौकटं मोजत होता. तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या. सगळी चौकटं कोरी, एकच लाल, उचललेलं, त्यावर खसखशीसारखे पाण्याचे फोड. पुढं आणखी दोन दिवसांनी बघितलं तर ते अजून रसरसलेलं.

पाठीला गवत कधी लागलंच नव्हतं. तरी पाठीनं ओळखलं. ओळख एका जागेची नसून फौजेची आहे, हे मला वर्गात दहा तास बोलून सांगता आलं नसतं.

मग "तिथंच का" याचं काय? पहिलं उत्तर सरळ आहे: चुरा जिथं बसतो तिथं. उघडा चेहरा, पापण्या, मान, आणि कोपराची घडी, जिथं घामात धूळ अडकते. नुसत्या उन्हाचा त्रास असेल तर वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची जागा सावलीत असल्यानं बऱ्याचदा वाचते. वाऱ्यावरची धूळ मात्र तिथंही घुसते. डॉक्टरांनी मामाचे कान पुढं मोडून मागं बघितलं ते त्यासाठीच.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दाह शमला, कातडी वरून नितळ झाली, तरी आलेली सगळी फौज परत जात नाही. काही टी पेशी त्याच जागी घर करून राहतात. त्या रक्तात परत जात नाहीत, तिथंच वर्षानुवर्षं दबा धरून असतात. त्यांना निवासी स्मृतिपेशी म्हणू. प्रौढ माणसाच्या कातडीत सुमारे २००० कोटी टी पेशी असतात, रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट, असा २००६ सालचा अंदाज आहे. आपण तपासायला रक्त देतो, आणि खरी वस्ती कातडीत असते.

हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं सोरायसिसमध्ये, म्हणून जरा तिकडं वळते.

आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळेत काम करणारे एक काका आहेत. कोपरांवर, गुडघ्यांवर जाड लाल चट्टे, वर अभ्रकासारख्या चंदेरी खपल्या. काळी पँट घातली की त्यावर कोंडा दिसतो म्हणून ते कायम राखाडी घालतात. नवीन आलेल्या कुणीतरी त्यांच्या हातचा चहा नाकारला, ते मी डोळ्यांनी बघितलंय. सोरायसिस शिवून, एका ताटात जेवून, एका खाटेवर झोपून होत नाही. त्यात पसरण्यासारखा जंतूच नाही. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरातल्या साधारण अर्ध्या ते पावणेतीन लोकांना तो आढळलाय, म्हणजे प्रत्येक मोठ्या वाड्या-वस्तीत कुणी ना कुणी असणारच.

फार वर्षं समज असा होता की सोरायसिस हा कातडीच्या वरच्या थराचा दोष आहे. तर्क चुकीचा म्हणता येत नाही. निरोगी कातडीत खालून जन्मलेली पेशी वर येऊन गळायला महिनाभर घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात हा प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. अर्धवट पिकलेल्या पेशी एकीवर एक साचतात, त्याच त्या खपल्या. मग १९७९ साली एक गंमत झाली. सायक्लोस्पोरिन हे टी पेशींना आवरणारं औषध सांध्यांच्या आजारावर वापरून बघत होते. ज्या रुग्णांना सोरायसिसही होता त्यांची कातडी त्या औषधानं निवळत गेली. म्हणजे वरचा थर स्वतःहून बेभान झालेला नव्हता. खालून टी पेशी त्याला चाबूक मारत होत्या.

आज ही साखळी बऱ्यापैकी उलगडली आहे. कातडीतल्या कोतवालांच्या जातीतल्या काही पेशी आयएल-२३ नावाचा निरोप सोडतात. तो ऐकून टी पेशींमधली एक टोळी आयएल-१७ सोडते. आयएल-१७ पोचलं की वरच्या थरातल्या पेशी भराभर वाढायला लागतात आणि आणखी निरोप सोडून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावतात. न्यूट्रोफिल म्हणजे पू ज्यांचा बनतो त्या. म्हणून सोरायसिसच्या खपलीत सूक्ष्मदर्शकाखाली पुवाचे बारीक साठे दिसतात, जंतू एकही नसताना. वरच्या थराचा हा गोंधळ बघून कोतवाल आणखी आयएल-२३ सोडतो. भांडणात दोन्ही बाजूंनी माणसं बोलावत राहावीत आणि मूळ भांडण कशावरून होतं ते कुणालाच आठवू नये, तशी ही गत.

आता २००४ सालचा एक प्रयोग, मामाच्या प्रश्नाला थेट भिडणारा. सोरायसिस असलेल्या माणसांची चट्टा नसलेली, दिसायला निरोगी कातडी घेतली आणि ज्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती जवळपास नव्हती अशा उंदरांवर तिचं कलम केलं. उंदराच्या रक्तातून मदत यायचा प्रश्नच नव्हता. तरी त्या कातडीवर काही आठवड्यांत सोरायसिस उमटला. बियाणं कातडीतच होतं, टी पेशींच्या रूपात. म्हणून काकांच्या कोपरावरचा चट्टा पावसाळ्यात गेला तरी थंडी पडली की तिथंच परत येतो. म्हणून सोरायसिस असलेल्या माणसाला बोरीच्या काट्यानं ओरखडा आला तर पंधरा दिवसांनी त्या ओरखड्याच्या रेषेवर चट्टा उगवू शकतो.

थोडं उन्हाबद्दल, कारण आपल्याकडं ते फुकट आणि भरपूर आहे. उन्हातले अतिनील किरण कातडीतल्या टी पेशींना दडपतात, काहींना मारतातही. दवाखान्यात यूव्ही प्रकाशाचं कपाट असतं ते याच तत्त्वावर. त्यामुळं बऱ्याच सोरायसिसवाल्यांना कोवळं ऊन मानवतं. गाजर गवताच्या जुन्या रुग्णाला तेच ऊन वैरी होऊ शकतं, कारण वर्षं गेली की त्याची कातडी गवताबरोबर उजेडालाही चिडायला लागते. तेव्हा "त्याला उन्हानं बरं वाटलं, तूही बस" हा सल्ला देण्याआधी आजार कुठला ते बघा.

लहान लेकरांच्या इसबात आणखी वेगळी टोळी असते. तिचे निरोप आयएल-४, आयएल-१३, आणि खाजेचा खास निरोप आयएल-३१, जो थेट मज्जातंतूंना जाऊन सांगतो की खाजव. त्यात बऱ्याच लेकरांची कातडी मुळातच गळकी असते. फिलाग्रिन नावाचं प्रथिन कातडीच्या भिंतीत गिलाव्यासारखं काम करतं, आणि त्याच्या जनुकात खोट असली की इसबाची शक्यता वाढते, हे २००६ साली कळलं. गिलावा नसलेल्या भिंतीतून धूळ, साबण, जंतू सगळं आत येतं आणि कोतवालाला दम खायला वेळ मिळत नाही. म्हणून अशा लेकराला आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर चोपडणं हा औषधाचाच भाग आहे.

आता ती ट्यूब. तिच्यावर माझा राग आहे, पण सगळा नाही. कातडीवर लावायचं स्टेरॉइड १९५२ पासून वापरात आहे आणि ते उत्तम औषध आहे. ते टी पेशींना गप्प करतं, निरोप थांबवतं, दाह उतरवतं. पण निवासी स्मृतिपेशींना ते हाकलत नाही, फक्त झोपवतं. ट्यूब संपली, गवत समोरच आहे, पेशी जाग्या झाल्या. मामानं महिनोन्‌महिने तीच ट्यूब पापणीवर घासली असती तर कातडी कागदासारखी पातळ झाली असती आणि डोळ्यातला दाब वाढायची भीती होती.

खरा अनर्थ होतो गजकर्णावर. नायटा किंवा गजकर्ण हा बुरशीचा आजार. तिथं टी पेशी हव्याच असतात, बुरशीला त्याच आवरतात. त्यावर स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली की पेशी झोपतात, खाज थांबते, माणूस खूश. बुरशीला मोकळं रान मिळतं, जांघेतला रुपयाएवढा नायटा कमरेपर्यंत चढतो आणि त्याची ओळखीची गोल कडही पुसली जाते. २०१८ साली सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. नियम आहे. ट्यूबाही मिळतात.

सोरायसिसवाल्यांनी 'एका सुईत बरा' म्हणणाऱ्यापासून लांब राहावं. त्या सुईत बहुधा स्टेरॉइडच असतं. चार आठवडे कातडी चमकते आणि औषध उतरलं की दबलेली टोळी अशी उसळते की कधी अंगभर पुवाचे फोड येतात, कधी सगळी कातडी लाल होऊन सोलते आणि माणूस दवाखान्यात भरती होतो. त्यापेक्षा मेथोट्रेक्झेट ही जुनी, स्वस्त गोळी बरी. मात्र ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, वार ठरवून. रोजची समजून घेतली तर जिवावर बेतते. चिठ्ठीवर वार लिहून घ्या, घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा.

नवी औषधं थेट निरोपच पकडतात. आयएल-१७ पकडणारं सेक्युकिनुमॅब २०१५ साली आलं, इसबात आयएल-४ आणि १३ ची वाट अडवणारं ड्युपिलुमॅब २०१७ साली. भारतात तयार झालेलं इटोलिझुमॅब २०१३ पासून सोरायसिससाठी आहे. काकांना डॉक्टरांनी यांतलं एक सुचवलं, पण आधी किंमत ऐकून आणि मग टीबीच्या तपासण्या ऐकून ते घरी आले. टीबीची तपासणी उगीच नसते. अनेकांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू जन्मभर कोंडलेले असतात, आणि त्यांना कोंडून ठेवतात याच पांढऱ्या पेशी. टीएनएफ नावाचा निरोप अडवणाऱ्या औषधांनी तो कोंडवाडा उघडू शकतो. काकांनी मेथोट्रेक्झेटचा शनिवार धरलाय.

मामाला डॉक्टरांनी थोडे दिवस स्टेरॉइड, मग अझाथायोप्रिनच्या गोळ्या दिल्या. या गोळ्या दुप्पट-चौपट होत चाललेल्या टी पेशींची पैदास कमी करतात. त्यांच्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्त तपासावं लागतं. मामाला हे पटलं, कारण अखेर कुणीतरी रक्त बघितलं.

श्रावण बरा गेला. महालक्ष्म्या बसल्या आणि तिसऱ्या दिवशी पापण्या परत भरल्या. शेतात तर तो गेलाच नव्हता. मीच चक्रावले. मग देवघरात बघितलं: दोन्ही महालक्ष्म्यांच्या गळ्यात शेवंतीचे भरघोस हार, आणि हार ओवायला मामाच बसलेला. शेवंती आणि गाजर गवत एकाच कुळातली. शेवंतीतही त्याच जातीची रसायनं असतात, आणि टी पेशींना जुळी भावंडं वेगळी ओळखता येत नाहीत. सूर्यफुलाचं तेच, बांधावरच्या गोखरूचंही (शंकेश्वर म्हणतात ते, सराटा नव्हे) तेच. यंदा निशिगंधाचे हार आणायचे ठरलेत. मामी म्हणते, देवीला चालतंय, तुम्हाला चालायला पाहिजे.

गवताचं मात्र काहीतरी करावंच लागणार होतं. एका रोपाला हजारो बिया, उपटून संपत नाही, आणि उपटणाऱ्यालाच ते बाधतं. फुलाआधी, पाऊस पडून जमीन ओली असताना, हातमोजे घालून उपटावं, वाळलेलं जाळू नये, हे डॉक्टरांनी सांगितलं. ते काम आता मामेभाऊ करतो. मामानं दुसरी वाट काढली. परभणीच्या कृषी विद्यापीठातून मेक्सिकन भुंगे आणले, छिद्रं पाडलेल्या डब्यातून. हे भुंगे १९८४ साली भारतात पहिल्यांदा सोडले गेले. ते आणि त्यांच्या अळ्या गाजर गवताची पानं खातात, आणि पाऊस ओसरला की प्रौढ भुंगे जमिनीत जाऊन झोपतात.

ओढ्याकाठच्या पट्ट्यात पाचशे सोडले. पिवळट पाठीवर काळ्या रेघा, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. मामा दर दोन-तीन दिवसांनी बघायला जातो. आधी चिमूटभर माती सोडून वारा कुठून येतोय ते बघतो, मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तोंडाला उपरणं गुंडाळून, बांधापासून वीस हात लांब उभा राहतो आणि मामेभावाला ओरडून विचारतो, "किती पानं खाल्ली रं?"